लातूरहून येणारा डबा

डॉक्टर म्हणाले, "रक्तगट जुळतो. बाकी तपासण्याही चांगल्या आल्यात. फक्त तुम्ही वजन कमी करून या, मग पुढचं बघू." मी विचारलं, किती? त्यांनी बारा किलो सांगितलं. मी उठायला निघाले होते ती परत खुर्चीत बसले. म्हटलं, "डॉक्टर, बारा किलोचा तर माझा नातू आहे. अख्खा नातू अंगावरून उतरवून ठेवू म्हणता?" ते हसले नाहीत. एका किडनीवर उरलेलं आयुष्य काढायचं तर अंग हलकं लागतं, नाहीतर पुढं बीपी आणि शुगर मागं लागतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. म्हणजे मुद्दा एवढाच होता, मी वजन उतरवलं तर भावाला माझी किडनी मिळणार, नाहीतर नाही.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लातूरच्या मार्केट यार्डात त्याची अडत आहे, सोयाबीन आणि तूर. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला झोपवायची पाळी आली. आई-वडील आमचे गेलेले. भावजयीला शुगर, तिची किडनी चालत नव्हती. उरले मी. मी नांदेडला दिलेली, घरात मशीन टाकून ब्लाउज शिवते. दिवसभर बसून काम, आणि बसल्या जागी चहा, चहाबरोबर काहीतरी. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायांची मापं मला तोंडपाठ आहेत. कुणाची छाती वाढली, कुणाचा दंड वाढला, ते मी बाई दारातून आत येतानाच ओळखते. स्वतःच्या अंगाला मात्र वर्षानुवर्षं टेप लावला नव्हता. घट्ट झालं की उसवायचं आणि ढिलं करायचं, एवढंच.

दवाखान्यातून परत येताना गाडीत मी बडबड करत होते. आता असं करू, तसं करू, भात सोडते, साखर सोडते. भाऊ खिडकीतून बाहेर बघत होता. लातूर येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, दमला असेल.

लातूरला तो उतरताना मीच सौदा केला. म्हटलं, "दर सोमवारी मी काटा करीन आणि तुला फोनवर सांगीन. तू तुझं पाणी सांगायचं." काटा करणं हा त्यांच्या यार्डातला शब्द, पोती वजनाला लावली की म्हणतात. आणि पाण्याचं असं, की डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. लातूरच्या उन्हात दिवसाला दोन-तीन छोटे ग्लास. त्याच्या तहानेपुढं माझी भूक कोण विचारतो? तो नुसतं म्हणाला, "बरं अक्का."

आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. तिथं दळणाचे डबे वजन करायचा काटा आहे, जमिनीसरसा, सपाट. सोमवारी सकाळी मी चप्पल काढून त्याच्यावर उभी राहिले. दळणाला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक म्हणाली, "जाड दळायचं का बारीक?" मी म्हटलं, "बारीकच कर ग बाई, त्याच्यासाठीच आले." त्यानंतर दर सोमवारी गिरणीत माझी वाट बघायचे लोक. आकडा खाली गेला की सगळ्या बाया खूश, वर गेला की सगळ्या मिळून माझी हजेरी घ्यायच्या. कुणाकुणाला माझ्या पोटाची एवढी काळजी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

पहिला महिनाभर आकडा जागचा हलेना. माझं म्हणणं होतं, मी तर सोमवारचा उपास करते, शनिवारचाही धरला, मग उतरत का नाही? दवाखान्यानं आहार सांगायला एक पोरगी नेमून दिली होती, नांदेडचीच, माझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, "मावशी, उपासाला काय खाता?" मी सांगितलं, साबुदाण्याची खिचडी, वरून शेंगदाण्याची आमटी, भगर, बटाट्याचा कीस, रात्री एखादं केळ. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "मावशी, तुम्ही उपास बंद करा, तुमचं वजन आपोआप उतरेल." मला राग आला. घरी येऊन महादेवासमोर बसले आणि म्हटलं, तूच बघ बाबा आता, तुझा सोमवार सोडायला सांगून राहिलेत. मग माझं मीच ठरवलं की देवाला माझा भाऊ जगलेला जास्त आवडेल. सोमवारी ज्वारीची एक भाकरी आणि मेथी खायला लागले. काटा हलला.

सकाळी आमचे हे मला नदीच्या घाटाच्या बाजूला फिरायला न्यायचे. मी अंथरुणात तोंड फिरवून झोपले की म्हणायचे, "ऊठ. भाऊ तुझा हाय, माझा न्हाई." ते स्वतः काडीसारखे, ढांगा टाकत पुढं जायचे आणि पुलाजवळ थांबून माझ्याकडं बघत राहायचे. मला त्यांचा संताप यायचा. पण थांबायचे, हे खरं.

लोक म्हणतात, एवढं मोठं कारण असल्यावर माणूस आपोआप खाणं सोडत असेल. काही सोडत नाही. एका बाजूला भावाचा जीव आणि एका बाजूला गरम भजी, यातलं काय घेता, असं विचारलं तर कुणीही भाऊच म्हणेल. पण तसं विचारत कुणी नाही. समोर नुसती भजी येतात. त्या वेळी भाऊ लातूरला असतो.

म्हणून तर सोमवारचा फोन मला लागायचा. कुणाला तरी तोंडानं सांगायचं आहे म्हटल्यावर हात जरा आखडतो. पहिले तीन किलो उतरले तेव्हा मी गिरणीतूनच फोन लावला. भाऊ म्हणाला, "हाव का? लई उतरलं की अक्का. आता जरा दमानं घे. चक्कर येऊन पडशील." मला किती बरं वाटलं! आणि त्याच आठवड्यात लातूर-नांदेड गाडीच्या ड्रायव्हरचा फोन आला, डबा आलाय, घेऊन जा. हे आमचं नेहमीचंच. ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती डबा द्यायचा, इकडं स्टँडवर जाऊन घ्यायचा. तो चार पुडांचा स्टीलचा डबा आईच्या वेळचा. उघडला तर शेंगाच्या पोळ्या, वर तुपाची वाटी, खाली धपाटे, आणि एका पुडात करंज्या.

शेंगाची पोळी म्हणजे शेंगदाण्याचा कूट आणि गूळ भरून लाटलेली पोळी. आमच्या माहेरची. माझ्या हातून ती तशी होत नाही. मी ठरवलं एक खायची. चार दिवसांत डबा संपला. ह्यांनी दोन खाल्ल्या असतील.

आमच्यात भरून आलेला डबा रिकामा परतवत नाहीत. काहीच नसलं घरात तरी चिमूटभर साखर टाकतात. मी भावाला चालेल असं काही शोधून भरायची, साध्या लाह्या, बिनमिठाच्या चकल्या. भावजय सांगायची, तो डबा बघून तिच्यावरच चिडतो, अक्काच्या घरचं कशाला घेतलंस म्हणून. तेही आमच्याकडचंच. लेक दिली की तिला द्यायचं, तिच्याकडून घ्यायचं नाही. आमचे अप्पा मला मुलगा होईपर्यंत माझ्या घरी जेवले नव्हते. उन्हातून यायचे, ओसरीवर बसायचे आणि बरोबर आणलेलं पाणी प्यायचे.

पुढं असंच चाललं. काटा खाली गेला की दोन-चार दिवसांत डबा. कधी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, कधी तुपातले लाडू. काटा वर गेला की भाऊ म्हणायचा, "असू दे, हळूहळू होईल." आहाराची पोरगी डोकं धरून बसायची. उतरतंय आणि चढतंय, मावशी, तुमच्या घरात कोण आहे तुमचा वैरी? मी म्हटलं, वैरी कसला, भाऊ आहे माझा.

असं करत येळवस आली. मार्गशीर्षाची अमावस्या, लातूरकडं सगळ्यात मोठा सण हाच. गावं ओस पडतात, सगळी माणसं शेतात. दोनेक किलो उतरायचे राहिले होते आणि डॉक्टरांची पुढची भेट जवळ आली होती. मी ह्यांच्याबरोबर माहेरच्या शेतात गेले, पण पिशवीत माझी भाकरी आणि उकडलेली मटकी बांधून. घरून शपथ घेऊन निघाले होते.

शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी केली होती. कोपीत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडलेले, पुढं पूजा. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे घालून केलेली भज्जी मोठ्या पातेल्यात, बाजरीचे उंडे, शेंगाच्या पोळ्या, आणि नव्या माठात ताकाची आंबील. भाऊ कोपीच्या तोंडाशी सतरंजीवर बसला होता. डाव्या हाताची शीर डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली, ती शालीखाली झाकलेली. ह्यातलं काही म्हणता काही त्याला चालत नव्हतं. दाणे चालत नव्हते, मीठ चालत नव्हतं, आंबील तर पाण्यातच धरलेली. पण बसल्या जागेवरून तोच सगळ्यांना वाढायला लावत होता. बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाका मारत होता. कुणी नको म्हटलं की म्हणायचा, "येळवशीला शेतात वाढलेलं परतून लावायचं नसतंय. लक्ष्मी रुसती." झालं, माणूस बसायचा.

मी माझी भाकरी काढली. त्यानं ती बघितली, भावजयीला खूण केली आणि माझ्यासमोर भरलेलं ताट आलं. म्हणाला, "अक्का, मला तर काही चालत न्हाई. माझ्या वाटचं तू खा. तुला खाताना बघून तरी बरं वाटंल." असं म्हणून त्यानं आंबिलीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

काय करणार? माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी खाल्लं. भज्जी खाल्ली, उंडे खाल्ले, पोळ्या खाल्ल्या. मग शेजारच्या शेतातून बोलावणं आलं, तिथं खाल्लं, त्याच्या पलीकडच्या शेतात खाल्लं. घरून घेतलेली शपथ दुपारपर्यंत साफ विसरले.

ऊन कललं तेव्हा भावजय कोपीमागं भांडी घासत बसली होती. मी हात लावायला गेले तर ती मान वर करेना. म्हटलं, काय झालं ग? ती एकदम रडायला लागली. "वन्सं, तुम्ही खाऊ नका ओ. मी पाया पडते तुमच्या." मी म्हटलं, तूच तर वाढलंस. ती म्हणाली, "मी कुठं वाढायले? सोमवारी तुमचा काटा कमी आला की ह्यांचा हुकूम सुटतो, शेंगाची पोळी कर, डबा भर. न्हाई म्हणलं तर जेवत न्हाईत. त्यांना तुमची किडनी घ्यायचीच न्हाई. अन मी माझ्याच हातानं पोळ्या लाटून राहिले. किती दिवस गप बसू मी?"

माझे हात राखेत तसेच राहिले. सगळे डबे माझ्या डोळ्यांसमोरून गेले. लई उतरलं की अक्का. दमानं घे अक्का. मी ज्याला दर सोमवारी हिशोब देत होते, तोच मागून पोती भरत होता!

तो बांधावर एकटा बसला होता. बाकीची माणसं ज्वारीवर आंबील शिंपडत "ओलगे, ओलगे" ओरडत शेताला फेरी मारायला गेली होती. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "डबे मुद्दाम पाठवायलास व्हय रे?"

त्यानं आधी भावजयीकडं पाहिलं, मग ज्वारीकडं. "काटा कमी आला की माझी झोप उडती, अक्का."

"का?"

"का म्हणजे? तुला टेबलावर घालतील. पोटाला चाकू लावतील. काही झालं तर दाजींना कोणतं तोंड दाखवू? लेकीचं घेत असतेत का आपल्यात? अप्पा तुझ्या घरचं पाणी प्याले न्हाईत, अन मी तुझ्या अंगातलं काढून घेऊ?"

"मग मरणार हायस का?"

"बघू की."

बघू की! माझ्या डोक्यात जाळ झाला. लहानपणापासून त्याला दिल्या नसतील तेवढ्या शिव्या मी त्याला त्या बांधावर दिल्या. मेल्या, मुडद्या, बायकोला रांडव करून ठेवतोस काय, पोरांच्या डोक्यावर कोण, मी पाय ओढत घाट चढून राहिले ते कुणासाठी, महादेवाचा सोमवार मोडला तो कुणासाठी. सणाच्या दिवशी असं अभद्र बोलू नये, मला कळत होतं, पण तोंड थांबेना. आमचे हे लांबून पळत आले आणि मला बघून तिथंच थांबले.

शेवटी दम लागला म्हणून मी खाली बसले. त्याला म्हटलं, "सकाळपासून किती माणसांना हाका मारून वाढलंस?"

"लई."

"अन कुणी नको म्हणलं तर काय म्हणत होतास?"

त्यानं शाल हातावर ओढून घेतली.

"येळवशीला शेतात वाढलेलं परतून लावायचं नसतंय म्हणालास का न्हाई? मग हे आपल्या अप्पाचं शेत हाय, आज येळवस हाय, अन मी वाढायले. मी दिलेली लेक म्हणून न्हाई, ह्या शेतातली म्हणून वाढायले. परतून लाव बघू."

मला वाटलं, आता बोलेल. पण फेरीची माणसं ओरडत परत आली आणि तो उठून त्यांच्यात गेला. निघताना मला हळदी-कुंकू लावायला भावजयच आली. तो कोपीतून बाहेर आला नाही.

त्यानंतर डबा आला नाही. पण सोमवारी मी फोन लावला तर त्यानं उचललाही नाही. भावजयीनं उचलला. मी म्हटलं, "आकडा सांगते, त्याला सांग. येळवशीचा दीड किलो चढलाय." ती हळूच म्हणाली, "इथंच बसलेत. स्पीकर लावलाय." मग मी मोठ्यानं सांगितलं.

ते महिने फार वाईट गेले. एकदा मी चिडून म्हटलं, ज्याचा जीव आहे त्याला नको, तर मी का उपाशी मरू? वाटीभर फरसाण घेऊन बसले. अर्धी वाटी झाल्यावर डायलिसिसहून आलेला त्याचा चेहरा आठवला, खाली गेलेला, पिवळा. वाटी ह्यांच्यापुढं सरकवली आणि रडत बसले. तो घेवो न घेवो, माझ्या बाजूनं ताट वाढून तयार पाहिजे होतं. घाट चढत राहिले. दर सोमवारी काटा केला आणि दर सोमवारी त्या मुक्या फोनला आकडा सांगितला. गिरणीतल्या बाया आता हसत नव्हत्या. त्यांना सगळं कळलं होतं. मी काट्यावर चढले की गिरणी घडीभर बंद करायच्या.

महाशिवरात्र होऊन गेल्यावरच्या सोमवारी आकडा डॉक्टरांनी सांगितला होता तिथं आला. बायांनी गलका केला. एकीनं माझ्या कपाळाला पीठच लावलं. मी बाहेर येऊन फोन लावला. म्हटलं, "बसला काटा. बारा उतरले." भावजय हुंदका देऊन "वन्सं" एवढंच म्हणाली. मग फोन बंद झाला.

बुधवारी मशीनवर बसले होते तेव्हा ड्रायव्हरचा फोन आला. लातूरहून डबा आलाय.

काटा खाली गेला की डबा, हा त्याचा जुना हिशोब. म्हणजे बदललं काहीच नव्हतं. ह्यांना म्हटलं, मी येत नाही, तुम्ही जा आणि तिथंच कुणाला तरी वाटून टाका. ह्यांनी ऐकलं नाही, मला गाडीवर मागं बसवून स्टँडवर नेलं. ड्रायव्हरनं सीटखालून तोच चार पुडांचा डबा काढून दिला. ह्यांनी हातात घेतला आणि म्हणाले, "हलका लागून राहिला."

मी तिथंच बाकावर बसून कडी काढली. पहिला पूड रिकामा. दुसरा रिकामा. तिसरा, चौथा, सगळे रिकामे. घासून, पुसून, कोरडे करून ठेवलेले. साखरेचा एक दाणाही नव्हता.

आमचे हे वाकून बघत म्हणाले, "असं कसं? रिकामा डबा पाठवतेत का कुणी?"

"पाठवतेत. घ्यायचं असलं की पाठवतेत," मी म्हटलं, आणि भर स्टँडवर, माणसांत, मोठ्यानं रडायला लागले. मग डोळे पुसले, पूड एकावर एक बसवले, आणि तिथूनच दवाखान्यात फोन लावून म्हटलं, तारीख द्या, आम्ही बहीण-भाऊ दोघंही येऊन राहिलो.